माशी शिंकली नाही

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी आधी इकडचं तिकडचं बोलून वेळ काढायचो. खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस हसणार, हे ठरलेलं. मी सांगायचो, "माश्या बांधतो." तो म्हणायचा, "मारतो म्हणा की."

उभी हयात मी माश्या बांधल्या आणि त्यावरच घर चालवलं. अंबरपेठेत दोन खोल्या झाल्या, मुलं शिकली, नोकरीला लागली. नातवंडं तर एवढी शिकली की त्यांना मराठी वाचताच येत नाही. हा लेख छापून आला तर मलाच तो त्यांना वाचून दाखवावा लागेल. माझंही मराठी वाचन उशिराचंच. शाळा निजामाच्या काळातली, अलिफ-बे आधी शिकलो. तेव्हा कुठं शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

आधी माशी म्हणजे काय ते सांगतो. थंड डोंगरी नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. गोऱ्या लोकांनी तो विलायतेहून आणून आपल्या डोंगरांत सोडला. गांडूळ लावून त्याला पकडणं शौकीन लोक कमीपणाचं समजतात. हा मासा पाण्यावर उतरणारे किडे टिपतो, म्हणून ते गळाला खोटी माशी लावतात. गळ एवढा बारीक की नखावर मावावा. त्यावर रेशीम गुंडाळून माशीचं अंग करायचं, सशाची लव नाहीतर जरीची तार लावून त्याला रंगरूप द्यायचं, कोंबड्याच्या मानेचं पीस भोवती फिरवून पाय करायचे, दुसऱ्या पिसाचे दोन तुकडे उभे करून पंख. शेवटी गाठ आणि मेणाचा ठिपका. मग लांब लवचीक काठीची दोरी हवेत मागंपुढं झुलवून ही माशी पाण्यावर अशी उतरवायची, की सावरीचा कापूस पडला. मासा भुलला तर खालून वर येतो. आमच्या धंद्यात त्याला मासा उठला म्हणतात.

दुकानही उठतं. त्या एका शब्दाची मला पुढं फार भीती बसली.

हैदराबादेत ट्राउट कुठला? आमच्या मुशी नदीत तर नाहीच. पण शौकीन होते. रेसिडेन्सीतले साहेब, सिकंदराबादच्या छावणीतले अफसर, चार-दोन जागीरदार. उन्हाळा लागला की ते निलगिरीला, काश्मीरला जायचे, आणि जाण्याआधी आबिद रोडच्या मागच्या गल्लीत उस्तादांच्या दुकानात यायचे. उस्ताद मूळचे कारचोबीचे कारागीर, म्हणजे शेरवान्यांवर जरीचं काम करणारे. कुण्या साहेबानं एकदा त्यांना माशी दाखवली, असं करून देशील का विचारलं. उस्तादांनी करून दिली आणि शेरवान्या मागं पडल्या.

मी परभणीकडच्या एका खेड्यातला. सहावीत शाळा सुटली. आमच्या घराकडं गावकी होती. गावकी म्हणजे गावाचं पडेल ते काम. सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. घरटी एक माणूस पाळीला हजर पाहिजे. वडील थकत चालले तशी पाळी माझ्यावर यायला लागली. तेव्हा वडलांनी मला हैदराबादच्या गाडीत बसवलं आणि सांगितलं, तिकडं हाताला काम आहे तोवर इकडं फिरकू नको. पोरगा शहरात नोकरीला आहे, एवढं एकच उत्तर त्यांच्याजवळ गावाला द्यायला होतं. माझं काम सुटलं असतं तर ते उत्तरही गेलं असतं, आणि मी गावी जाऊन वडलांच्या हातातली गावकीची काठी घेतली असती. पुढं सांगणार आहे त्यात मी एवढा का घाबरत होतो, ते यावरून कळावं.

शहरात मामा होता. तारनाक्याच्या अलीकडं रेल्वेच्या कारखान्यात फिटर. तोंडाचा फाटका, मनाचा मऊ. उस्तादांना कोंबड्याच्या मानेची पिसं लागायची, ती अंबरपेठच्या खाटकाकडून मामा आणून देत असे. एकदा पिशवी घेऊन त्यानं मला पाठवलं. उस्तादांनी पिसं बाजूला ठेवली, माझे हात धरून बोटं पसरून बघितली आणि शेजारी बसवलं. दुपारी मी तहानेनं कोरडा पडलो, पण पाणी कुठून आणि कसं घ्यायचं कळेना. उस्तादांनी सुरई माझ्याकडं सरकवली आणि काम करता करता म्हणाले, उठून घे, मी काय तुझा नोकर आहे का. त्या सुरईला हात लावताना मला जे वाटलं ते अजून लिहिता येत नाही.

उस्तादांचा नियम एकच. "नमुने पे अक़ल नक्को चला." नमुन्यावर अक्कल चालवायची नाही. गिऱ्हाईक माशी आणून देईल, तशीच दुसरी बांधायची. एक धागा इकडचा तिकडं नाही. आपण ती नदी बघितलेली नाही, तो मासा बघितलेला नाही. आपल्याला काय ठाऊक कुठला रंग कशासाठी आहे? मला हा नियम फार आवडायचा. काळजी करणाऱ्या माणसाला नक्कल करण्याइतकं सुख कशातच नसतं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने होती. एक नवाबसाहेब दर मोसमाला माश्या न्यायचे, आणि ते जन्मात नदीवर गेले नव्हते. शिसवी पेटीत मखमलीवर माश्या टाचून ठेवायचे, पाहुण्यांना दाखवायचे. जागिरी गेल्यावर तीच पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून आले. विकायची होती. उस्तादांनी एकेक माशी डोळ्याजवळ नेऊन बघितली, म्हणाले, हुजूर, कसर लागू दिली नाहीत, आमच्यापेक्षा चांगल्या ठेवल्यात. पेटी ठेवून घेतली. त्या माश्या विकल्या जाणार नाहीत हे उस्तादांना ठाऊक होतं. गळ जुने आणि जाड होते. ती पेटी आता माझ्या घरी आहे. उस्तादांसारखं गिऱ्हाइकाशी बोलणं मात्र मला कधी जमलं नाही.

साहेब लोक विलायतेला गेले, जागीरदार बसले, आणि दुकानात आम्ही दोघं खरोखरच माश्या मारत बसायला लागलो. त्यात उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या होणार, तेलंगण आंध्राकडं, मराठवाडा मुंबईकडं, कानडी मुलूख म्हैसूरकडं, हे ठरलं त्या उन्हाळ्याच्या तोंडाला उस्तादांनी चहा पिता पिता सांगितलं की पावसाळा संपला की ते दुकान उठवणार. बशीत चहा होता, तो मी सांडला.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर मामानं नेहमीसारखं विचारलं, "काय भाच्या, आज कुठं माशी शिंकली?" मी कुठून काळवंडलेलं तोंड घेऊन आलो की मामाचा हा ठरलेला प्रश्न. माझा धंदाच माश्यांचा, त्यामुळं त्याचा हा विनोद कधी शिळा झाला नाही. त्या दिवशी मी तसाच जाऊन भिंतीकडं तोंड करून बसलो. मामानं भाकरी पुढं केली.

उरलेलं गिऱ्हाईक एकच, दप्तरदारसाहेब. त्यांचं घराणं शहरात चार पिढ्यांचं, सगळे सरकारी नोकरीतले. उर्दू बोलायचे तर नवाब झक मारतील, मराठी बोलायचे तर पोथी वाचल्यासारखं. त्या वर्षी ते कचेरीत माणसांच्या वाटण्यांचं काम बघत होते. कोण कारकून कुठल्या राज्यात जाणार. त्यांचं स्वतःचं नाव मुंबईकडं पडलं होतं. मुंबईत मी कुणाला ओळखतो, असं ते उस्तादांना म्हणाले आणि पुढं हसले.

साहेबांनीच वाट काढली. निलगिरीच्या माथ्यावर एक क्लब होता, तो नदीवर येणाऱ्यांना माश्या विकायचा. विलायतेचा माल यायचा बंद झाला होता आणि क्लब देशातला कारागीर शोधत होता. साहेब तिथल्या नदीवर उन्हाळ्यात जाणारच होते. ते म्हणाले, मी तुमच्या माश्यांवर मासे काढून क्लबात दाखवतो. पटलं तर वर्षाचं काम तुमचं. मग त्यांनी टोपीच्या पट्टीतून एक जुनी माशी काढली. फार वर्षांपूर्वी कुण्या इंग्रजानं दिलेली, त्या नदीवर कधी रिकामं न पाठवणारी, शेवटची उरलेली. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "हुबेहूब अशा डझनभर."

उस्तादांना बारीक दिसत नव्हतं, म्हणून बांधायच्या मलाच होत्या. मी ती माशी गळ पकडायच्या शिकंज्यात धरली आणि भिंगातून बघितली. एक पंख पुरा, एक अर्धा. शेपटीला तीन केस, त्यातले दोन निम्मे. पोटावरची जरीची तार सुटून खाली लोंबत होती. रंग ना पिवळा ना भुरा. मला वाटलं, इंग्रज माणूस, काही विचार करूनच केलं असेल. तोवर मी बिनपंखी माश्या बांधल्या होत्या, पाठीत बाक असलेल्या बांधल्या होत्या, अर्धा पंख काय जड होता? पिसं चहाच्या पाण्यात भिजवून तो फिका रंग आणला. पंख कात्रीनं न कापता दातांनी कुरतडला, कारण नमुन्याची कड कात्रीची नव्हती. लोंबती जर बाराही माश्यांना एकाच लांबीची सोडली. त्यातली एक उस्तादांनी बोटांनी चाचपली आणि थांबले.

"एक पर छोटा है क्या रे?"

"नमुने में वैसाच है, उस्ताद."

"नमुने में है तो है," ते म्हणाले, आणि डबी बंद केली.

साहेबांचा जुना चपराशी दरसाल त्यांचं सामान घेऊन जायचा. वाटणीत त्याचं नाव कानडी मुलखाकडं पडलं होतं आणि तो घर बघायला तिकडं गेला होता. त्या कागदावर सही साहेबांचीच. तेव्हा उस्ताद म्हणाले, आमच्या किसनला घेऊन जा, माशी बिघडली तर जागच्या जागी नीट करेल. मी नदीवर गेलो तो असा. रेल्वेनं मद्रास, तिथून पायथ्याला, मग दातेरी रुळावरून चढणारी छोटी गाडी, मग जीप, आणि जीप थांबली तिथून गवताच्या डोंगरांतून पायवाट. एप्रिलात आमच्या अंबरपेठेत डांबर पायाला चिकटतं. तिथं मी मामाचं घोंगडं पांघरून कुडकुडत होतो. डोंगरांच्या घड्यांत काळी दाट झाडी आणि मधून नदी. नदी म्हणजे काय, आमच्याकडं तिला ओढाच म्हटलं असतं. पण पाणी असं की तळातला खडा मोजावा. माणूस म्हणून मैलोगणती नाही. एक लाकडी झोपडी आणि तिचा तमिळ राखणदार, एवढंच.

झोपडीत पिण्याचं पाणी एकाच माठात. साहेब बामण. मी ओंजळ करून उभा राहिलो. साहेबांनी आपल्या थर्मासचं झाकण माझ्या हातात दिलं, म्हणाले, घे रे, इथं कोण बघतंय. मी घेतलं. चांगलंच वागले ते, पण तो ‘इथं’ मला पाण्याबरोबर गिळता आला नाही.

सकाळी नदीच्या काठाला साहेबांनी डबी उघडली. एक माशी काढली, उलटसुलट केली. दुसरी काढली. तिसरी. मग टोपीतला नमुना काढून शेजारी धरला. दोन्ही उन्हाकडं धरून बघितल्या.

"हे काय आहे, किसन?"

मी म्हणालो, "नमुन्याप्रमाणे, साहेब."

"अरे, मासे चावून चावून तिची ही दशा झालीय. तू चावलेलं सुद्धा बांधलंस?"

मला वाटलं आता रागावतील. ते खाली बसले आणि हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मग त्यांनी मला ती कारकुनाची गोष्ट सांगितली. मूळ कागदावर माशी मरून चिकटली होती, म्हणून नक्कल करणाऱ्यानं एक माशी मारून बरोबर त्याच जागी चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका. म्हणाले, माझ्या कचेरीत सध्या अशा साठ जणांची फौज बसलीय, एका राज्याचे तीन कागद करतेय, परवा एकानं शाईचा डागसुद्धा तिन्हीकडं काढला. तू तर खरीच माशी बांधलीस.

त्यांना हसू येत होतं, मला रडू. मला समोर वडील दिसत होते.

तरी साहेबांनी त्यातली एक दोरीला लावून टाकली. ती पाण्यावर एका कुशीवर पडली, पंख मोडलेल्या चिमणीसारखी. खालून एक मासा आला. चांगला हातभर. माशीच्या खाली येऊन थांबला, बघितलं, आणि शेपटी फिरवून गेला. मी माझ्या आयुष्यात बघितलेला तो पहिला ट्राउट, आणि त्यानं माझं काम नापास केलं. दुकानातल्या दुसऱ्या, नेहमीच्या माश्या लावून बघितल्या. उन्हाळ्याचं उतरलेलं, आरशासारखं पाणी. मासे बुजलेले. दुसरा दिवसही तसाच गेला. परतायला एक दिवस उरला. संध्याकाळी काठी पुसताना साहेब एवढंच म्हणाले की क्लबात नुसतं तोंडी सांगून भागणार नाही.

मी विचारलं, साहेब, ही माशी नवी होती तेव्हा कशी होती? धडधाकट नमुना सांगा, मी तसा बांधतो. साहेबांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना त्या माशीवर काढलेला एकेक मासा आठवत होता, कुठल्या डोहात, कुठल्या वर्षी. माशी आठवत नव्हती. इंग्रज कधीच गेला. म्हणजे नमुनाच नाही. नमुन्याशिवाय मी कधी काही बांधलंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि वारा पडला. साहेब एका खडकावर बसले होते, मी खाली. माझ्या घोंगड्यावर काहीतरी येऊन बसलं. मी झटकणार, तेवढ्यात साहेबांनी माझं मनगट धरलं.

"हलू नकोस. तुझा नमुना आलाय."

ती माशी होती. खरी. नखाएवढी, पंख पाठीवर होडीच्या शिडासारखे उभे, शेपटीला लांब तीन केस, पोट फिकट, पिकलेल्या निंबोणीच्या रंगाचं. इतकी वर्षं मी जिची नक्कल करत होतो ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. तोवर मी नकलेची नक्कल करत होतो, आणि तिच्या आधीही नक्कलच असणार. साहेबांनी पाण्यातला एक दगड उलटा करून खाली चिकटलेली तिची पिल्लंही दाखवली. ते या माश्यांविषयी पुष्कळ वाचलेले होते. म्हणाले, ही पाण्यातून वर येते ती दिवसभरासाठी. खाणं नाही, पिणं नाही. हिला धड तोंडच नसतं.

मला एकदम मामा आठवला. तोंडच नाही तर ही शिंकणार कशी? आणि त्या तीन दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं. साहेबांनी का हसतोस विचारलं, मी सांगितलं, तेही हसले. घोंगड्यावरची माशी तशीच बसून होती.

शिकंजा दुकानात राहिला होता. जवळ सुई, रेशीम, मेणाचा गोळा. डझनातल्या एका माशीचं अंग ब्लेडनं उसवून गळ मोकळा केला. स्वतः बांधलेलं उसवणं जिवावर येतं, पण उसवलं. साहेबांनी चिमट्यात गळ धरला आणि कोपर गुडघ्यावर टेकवलं. पंखाला हवं तसं पीस नव्हतं. हाकेच्या अंतरावर राखणदाराच्या दारात एक राखी कोंबडी फिरायची, तिच्याकडं मी बोट दाखवलं. राखणदाराला वाटलं आम्हाला जेवायला पाहिजे, तो सुरी घेऊन आला. दोन पिसांवर भागतंय हे त्याला खुणांनी समजवता समजवता साहेबांची उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही संपल्या.

मी बांधायला बसलो. घोंगड्यावर बघायचो, एक फेरा घ्यायचो. परत बघायचो. साहेबांचा हात जरा हलला की न राहवून म्हणायचो, हलू नका, आणि मग जीभ चावायचो. पंख दोन्ही पुरे केले. शेपटी पुरी. जर लावलीच नाही, कारण समोरच्या माशीला जर नव्हती. गाठ मारून मान वर केली तर खरी उडून गेली होती.

साहेब गुडघ्यावर रांगत डोहाच्या खालच्या अंगाला गेले. मासा वरच्या पाण्याकडं तोंड करून असतो, त्याच्या पाठीमागून जायचं. मी एका दगडामागं पालथा पडलो. दोरी दोनदा झुलली आणि माशी उतरली. दोन्ही पंख उभे, तिरपी नाही, कलती नाही. प्रवाहाबरोबर सरकत ती सावलीत गेली. माझ्या मनात एकच शब्द, उठ, उठ. कुणाला म्हणत होतो कुणास ठाऊक.

पाण्याला एक भोवरा पडला, एवढाच, दुधावरची साय हलावी तसा, आणि माशी नाहीशी झाली.

"उठला," साहेब हळूच म्हणाले.

काठी धनुष्यासारखी वाकली. साहेबांनी त्याला पळू दिलं, आणलं, परत पळू दिलं. शेवटी तो काठावरच्या नेच्याच्या पानांवर पडला. अंगावर गुलाबी पट्टा आणि काळे ठिपके. त्याच माशीवर अंधार पडायच्या आधी आणखी दोन निघाले आणि बारके दोन साहेबांनी परत पाण्यात सोडले. साहेबांनी मला खांद्याला धरून उभं केलं. मी घोंगडं तोंडावर ओढून घेतलं. थंडीनं असेल, असं ते म्हणाले. मी हौ म्हणालो.

रात्रीतून मी उरलेल्या सगळ्या उसवून तशाच बांधल्या. साहेबांनी परतताना क्लबात मासे दाखवले, चार माश्या तिथं ठेवल्या. तिथल्या माणसानं बघू म्हणून सांगितलं. बघू म्हणजे काय ते मला गाडीत, मद्रासेत, पार काचीगुड्याच्या स्टेशनापर्यंत कळलं नाही.

दुकानात उस्तादांच्या हातात एक माशी ठेवली. त्यांनी बोटांत फिरवली, पंखांच्या कडेवरून नख नेलं.

"ये किसकी नक़ल है?"

मी म्हणालो, "अस्सल की, उस्ताद."

त्यांनी माशी जपून डबीत ठेवली. सुरईतून स्वतः पाणी ओतलं आणि पेला मला दिला.

पावसाळा लागला. उस्तादांनी गल्लीतल्या एकाला दुकानाची जागा दाखवून ठेवली होती. गावाकडून वडलांचा सांगावा आला की यंदा कसं काय आहे. काय कळवायचं? मी दोनदा मामाला लिहायला बसवलं आणि दोनदा उठवलं.

मग एका दुपारी दप्तरदारसाहेब छत्री मिटत दुकानात आले. मुंबईला जायच्या तयारीत होते. क्लबाचं पाकीट त्यांच्या पत्त्यावर आलं होतं. ते बसले आणि वाचून दाखवलं. क्लबाला दर मोसमाला माश्या हव्या होत्या, आत्ताच्यासाठी सहा डझन, पुढं दरसाल. उस्तादांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. साहेब पुढं वाचू लागले आणि त्यांचा आवाज बदलला. "सोबतच्या नमुन्याप्रमाणे, हुबेहूब."

पाकिटात पुठ्ठ्यावर टाचलेली एक माशी होती. माझीच. मधल्या काळात कुणीतरी ती नदीवर वापरलेली होती. एक पंख पुरा, एक अर्धा. शेपटीचे दोन केस गेलेले. रेशीम सुटून लोंबत होतं.

साहेब आणि मी त्या पुठ्ठ्याकडं बघत बसलो. आधी कोण हसलं आठवत नाही. साहेबांनी परत चष्मा काढला. उस्तादांना दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांचं बोट धरून त्या अर्ध्या पंखावरून फिरवलं, तसे ते असे हसले की शेजारचा दवावाला बघायला आला.

"अब अक़ल चला, बेटा," उस्ताद म्हणाले.

साहेब मुंबईला गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला, तिकडं नदी नाही, समुद्र आहे, त्यात माशी चालत नाही. मला वाईट वाटलं. उस्ताद आणखी बरीच वर्षं शेजारी बसून होते, आणि त्यांच्यानंतर दुकान मी चालवलं. आम्ही पुढं बौद्ध झालो, वडलांनी काठी आढ्याला खोचली ती परत काढली नाही. मी गावाला जातो तो पाहुणा म्हणून. हे सगळं मागून झालं.

त्या दिवशी मी संध्याकाळी अंबरपेठेला चालत आलो. पाऊस नुकता उघडला होता. मामा दारात चप्पल धूत होता. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं सवयीनं विचारलं, "काय भाच्या, आज कुठं माशी शिंकली?"

मी म्हणालो, "कुठंच नाही, मामा. तिला तोंडच नाही."

मामानं चप्पल तशीच ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "आण कागद. तुझ्या बापाला कळवू."